तबकडीवर नाव नाही, मग गाणारे कोण?

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी माळा आवरताना जुन्या पेटीत एक दहा इंची तबकडी सापडली. हाताला चांगली जड, काळी, आणि एकाच बाजूला खोबणी असलेली. मागची बाजू सपाट असून तीवर पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहीत बसलेल्या देवदूताचे उठावाचे चित्र. हे चित्र म्हणजे ग्रामोफोन कंपनीची जुनी व्यापारी खूण. पुढच्या बाजूचे कागदी लेबल बोटांनी आणि सुईने घासून इतके झिजले होते, की 'मराठी' हा रोमन अक्षरांतला शब्द आणि क्रमांकाचे काही आकडे एवढेच वाचता येत होते. गाणाऱ्याचे नाव जिथे छापलेले असते, तिथला कागद पार गेलेला. तबकडी लावल्यावर पेटी आणि तबल्याच्या साथीने एक उंच, धारदार आवाज ऐकू आला. घरातल्या वयोवृद्ध काकू दोन ओळी ऐकून म्हणाल्या, "हे तर बालगंधर्व." ऐकणाऱ्यांपैकी दुसऱ्या एका गृहस्थांनी एका जुन्या गायिकेचे नाव तितक्याच खात्रीने घेतले. दोघांचेही कान उत्तम, दोघांचेही आयुष्य गाणे ऐकण्यात गेलेले.

अशा प्रसंगी कोणाचे खरे मानायचे आणि ते ठरवायचे कसे, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे. जुन्या ध्वनिमुद्रणातला निनावी आवाज ओळखण्याची एक पद्धत आहे. तिच्यात कानाला मान आहे, पण पहिला मान नाही. आधी वस्तू बोलते, मग कागद बोलतात, आणि कान सर्वांत शेवटी बोलतो. हा क्रम उलटा केला की चुका होतात, आणि अशा चुका वर्षानुवर्षे टिकतात.

नाव मुळात नाहीसे का होते, ते आधी पाहू. झिजलेले लेबल हे सर्वांत साधे कारण. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफमधून पुढे आलेल्या मेणाच्या नळकांड्यांवर नाव लिहायला जागाच अपुरी असे. नाव असे ते डब्यावर, आणि डबा हरवला की नावही गेले. एमिल बर्लिनर यांच्या सुरुवातीच्या सपाट तबकड्यांवर कागदी लेबल नसे, मधल्या भागात अक्षरे कोरलेली असत. पण कितीतरी नावे अपघाताने हरवलेली नाहीत, ती जाणूनबुजून लिहिलेलीच नाहीत किंवा बदललेली आहेत. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये १९२० च्या दशकातल्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांवर वाद्यवृंदाचे नाव ठळक छापत आणि मध्येच एक कडवे गाणाऱ्या माणसाचा उल्लेख 'गायनासह' एवढ्यावरच उरकत. बिंग क्रॉस्बी हे पुढे जगप्रसिद्ध झालेले गायकही पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदात असताना काही तबकड्यांवर असेच बिननावाचे गायले आहेत. व्हर्नन डॅलहार्ट या नावाने गाजलेल्या गायकाचे तर हे नावही खरे नव्हते. टेक्सासमधल्या व्हर्नन आणि डॅलहार्ट या दोन गावांची नावे जोडून त्यांनी ते घेतले होते, आणि त्याखेरीज शंभराहून अधिक टोपणनावांनी त्यांच्या तबकड्या निघाल्या. एकच गायक अनेक कंपन्यांसाठी गाई, आणि प्रत्येक कंपनीला तो फक्त आपला आहे असे दाखवायचे असे, म्हणून ही नावांची रेलचेल.

आपल्याकडे कारणे वेगळी होती आणि अधिक गुंतागुंतीचीही. घरंदाज कुटुंबातल्या माणसाने पैसे घेऊन गाणे हे कमीपणाचे समजले जाई, म्हणून बंगाली तबकड्यांवर कलाकाराच्या पुढे 'हौशी' अशा अर्थाचा शब्द छापण्याची पद्धत पडली. धर्माच्या भिंती ओलांडण्यासाठीही नाव बदलावे लागे. श्यामासंगीत गाऊन बंगालमध्ये घराघरांत पोहोचलेले के. मल्लिक हे प्रत्यक्षात मुन्शी महंमद कासेम होते. कालीमातेची पदे मुसलमान नावाने खपणार नाहीत ही धास्ती त्यामागे होती. मराठीत नाटकाच्या पदांचा जोर होता, आणि तिथे गाणाऱ्यापेक्षा नाटक आणि भूमिका यांनाच लोक ओळखत. शिवाय आपल्या संगीत रंगभूमीवर नायिका पुरुषच होत. 'मानापमान' १९११ मध्ये रंगभूमीवर आले तेव्हा भामिनी साकारली ती नारायणराव राजहंस यांनी, म्हणजे बालगंधर्वांनी. भामिनीचे पद ऐकून 'बाई गात आहेत' असा समज करून घेणारा परका श्रोता आणि उंच आवाजातले कोणतेही जुने नाट्यपद ऐकून 'बालगंधर्व' म्हणणारा आपला श्रोता, दोघेही एकाच कारणाने फसतात. त्यातून एखादे पद लोकप्रिय झाले की ते अनेकजण गात, तेव्हा पदावरून गायक ठरवता येत नाही.

चित्रपटांनी या घोळात भर घातली. १९३५ पूर्वी पडद्यावर दिसणारा नटच गात असे. प्रभातच्या १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतःच गायले आहेत. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन सुरू केल्यानंतर पडद्यावरचा चेहरा आणि आवाज वेगळे झाले, पण तबकडीच्या लेबलाला ते कळायला बराच काळ लागला. १९४९ च्या 'महल'मधले 'आयेगा आनेवाला' हे त्याचे सर्वांत माहितीतले उदाहरण. तबकडीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी', म्हणजे मधुबालाने केलेल्या पात्राचे नाव. रेडिओवर गाणे लागल्यानंतर श्रोत्यांची विचारणा होऊ लागली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. तिथे गायिका हयात होती, विचारणारे हजारो होते. ज्यांना विचारणारे कोणीच उरले नाही, त्यांची नावे तशीच पात्रांच्या नावाखाली दबून राहिली आहेत.

आता पद्धतीकडे वळू. तबकडी प्रकाशात तिरकी धरली की शेवटची खोबण संपते तिथपासून लेबलाच्या कडेपर्यंतच्या गुळगुळीत पट्ट्यात बारीक आकडे आणि अक्षरे दिसतात. काही हाताने ओरखडलेली असतात, काही ठशाने उठवलेली. भिंग आणि बाजूने येणारा दिव्याचा प्रकाश एवढे साहित्य पुरते. अक्षरे फारच पुसट असतील तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी. यातला महत्त्वाचा आकडा म्हणजे मॅट्रिक्स क्रमांक. गाणे मेणाच्या जाड चकतीवर मुद्रित होई, तिच्यावरून धातूचा साचा तयार होई आणि त्या साच्यातून लाखेच्या तबकड्या छापल्या जात. मॅट्रिक्स क्रमांक हा त्या मूळ मेणाच्या चकतीचा क्रमांक. लेबल छापखान्यात तयार होते, त्यात चूक होऊ शकते, ते बदलता येते, दुसऱ्या तबकडीवर चुकून चिकटवले जाऊ शकते. हा क्रमांक मात्र साच्यातच असतो, म्हणून तो तबकडीला सोडून जात नाही.

या क्रमांकाचे दोन मोठे उपयोग आहेत. पहिला असा, की एक क्रमांक म्हणजे एक गायन. दोन वेगवेगळ्या लेबलांवर दोन वेगवेगळी नावे छापलेली असतील, पण आतला मॅट्रिक्स क्रमांक आणि गाणे तेच असेल, तर ती दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत, किंवा निदान त्यातले एक खोटे आहे. पाश्चात्त्य टोपणनावांची बहुतेक कोडी याच मार्गाने सुटली. इथे एक जपायला हवे: एकच गाणे कलाकाराकडून दोन-तीनदा गाऊन घेत, आणि त्या प्रत्येक खेपेची नोंद वेगळी असे. खेप वेगळी असेल तर गाणारा बहुधा तोच, पण गायन ते नव्हे, आणि तुलना करताना हा फरक विसरला की तान 'तिथे नाही, इथे आहे' म्हणून उगाच वाद होतात.

दुसरा उपयोग शेजाऱ्यांचा. ध्वनिमुद्रक एका गावी मुक्काम टाकून रोज क्रमाने गाणी मुद्रित करी, आणि क्रमांकही त्याच क्रमाने चढत जात. समजा, नाव नसलेल्या तबकडीचा क्रमांक अमुक आहे आणि त्याच्या मागचे तीन व पुढचे दोन क्रमांक एकाच गायिकेच्या नावावर आहेत. मग मधलेही तिचेच असण्याची शक्यता बरीच वाढते. आणि पेटीवाल्याची सुरावट, तबल्याचा ठेका व खोलीचा घुमाराही सारखा असेल तर ती आणखी वाढते. तरीही खात्री होत नाही, कारण गायिका थकल्यावर मध्ये दुसऱ्या कोणाला उभे केले जाणे अगदी शक्य आहे. ग्रामोफोन कंपनीच्या क्रमांकांच्या शेवटी एक अक्षर असे आणि त्यावरून ध्वनिमुद्रक कोण होता ते समजे. ध्वनिमुद्रक कळला की त्याचा दौरा कळतो, आणि दौरा कळला की गाव व महिना कळू शकतो.

याखेरीज विक्रीचा क्रमांक असतो, तो लेबलावर छापलेला. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या रचनेत हा आकडाही बोलका आहे. हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांसाठी राखलेल्या क्रमांकांत १२ हजारांचा गट पुरुष गायकांचा आणि १३ हजारांचा गट गायिकांचा होता. गट भरला की पुढे एक छोटा आकडा लावून तोच गट पुन्हा सुरू करत. म्हणजे नाव पुसले गेले तरी कंपनीने त्या आवाजाला पुरुषाचा मानले की स्त्रीचा, हे एका आकड्यावरून कळते. हा एवढा मोठा दुवा कितीतरी लोक बघतही नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वस्तू बोलून झाली की कागद. ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला आले आणि त्या नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थानातली पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली. आरंभीच्या तबकड्या शशिमुखी आणि फणिबाला या रंगभूमीवरच्या दोन मुलींच्या होत्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गौहर जान गायल्या. तेव्हा तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. त्या दौऱ्यांच्या नोंदवह्यांत क्रमांक, कलाकार आणि गाण्याची पहिली ओळ लिहिलेली असे. कंपनीचे जुने दप्तर इंग्लंडमध्ये हेज इथे जपलेले आहे. मायकेल किनिअर यांनी या नोंदी, विक्रीच्या याद्या आणि प्रत्यक्ष तबकड्या एकमेकांशी ताडून हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांच्या सूची केल्या, आणि आज या विषयात काम करणारा प्रत्येकजण त्या कष्टांचा ऋणी आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले, हेही तितकेच मोलाचे, कारण शेजारच्या क्रमांकाची तबकडी बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कपाटात असते.

पण नोंदवही म्हणजे वेदवाक्य नव्हे. लिहिणारा परदेशी, गाणारा आपला, आणि मध्ये दुभाषा. नाव कानाला जसे लागले तसे रोमन अक्षरांत उतरे, आणि एकाच गायिकेचे नाव तीन तबकड्यांवर तीन प्रकारे सापडते. नावाऐवजी गाव, गावाऐवजी बिरुद असेही होते. बडोद्याच्या इनायत खान यांनी १९०९ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रणे केली. हेच इनायत खान पुढे युरोपात सूफी गुरू म्हणून विख्यात झाले. लेबलावर नाव असूनही माणूस कोण ते कळत नाही, अशी ही वेगळी अवस्था. नाव आणि व्यक्ती यांची गाठ घालणे हेही ओळख पटवण्याचेच काम आहे. म्हणून नोंदवहीच्या जोडीला विक्रेत्यांच्या याद्या, त्यातली छायाचित्रे, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, नाटक कंपन्यांची पत्रके असा स्थानिक भाषेतला पुरावा लागतो. तिथे नाव आपल्या लिपीत असते.

कधीकधी उत्तर गाण्यातच दडलेले असते. सुरुवातीच्या कित्येक तबकड्यांत गाणे संपताच कलाकार स्वतःचे नाव मोठ्याने सांगतो. गौहर जान यांचे 'माय नेम इज गौहर जान' हे वाक्य तर गाण्याइतकेच प्रसिद्ध आहे. हॅनोव्हरच्या कारागिरांना तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही पद्धत पडली, असे त्याचे कारण सांगितले जाते. आज जुन्या तबकड्या संगणकावर उतरवणारे बरेचजण शेवटचे दोन-चार सेकंद खरखर म्हणून कापून टाकतात. त्यांना हात जोडून सांगणे आहे, की सुई ठेवल्यापासून उचलेपर्यंतचे सगळे राहू द्यावे. शेवटच्या खरखरीत पुटपुटलेले अर्धे नावही लाखमोलाचे असते, आणि साथीदाराला दिलेली दादसुद्धा पुरावा ठरते.

आता कानाकडे येऊ, पण कानाच्या आधी वेग. ७८ फेऱ्या हा आकडा सर्वत्र रूढ झाला तो १९२५ नंतर, विजेवरचे ध्वनिमुद्रण आल्यावर. त्याआधी कोणती तबकडी मिनिटाला ७० फेऱ्यांनी तर कोणती ८० हून अधिक फेऱ्यांनी मुद्रित होई. ७० ने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली तर सगळे गाणे जवळजवळ एक पूर्ण स्वर वर सरकते: पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा माणूस काळी दोनमध्ये गाऊ लागतो, तान विजेसारखी धावते आणि आवाज कोवळा होतो. पुरुष बाईसारखा आणि प्रौढ बाई मुलीसारखी ऐकू येते. अर्ध्या स्वराच्या फरकाला साधारण सहा टक्के वेग पुरतो. ७८ च्या जागी साडेत्र्याहत्तरच्या आसपास.

वेगाने किती फसगत होऊ शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण तबकडीच्याही आधीचे आहे. पॅरिसच्या एदुआर-लिओं स्कॉट द मार्तिनव्हिल यांनी काजळी धरलेल्या कागदावर ध्वनीच्या लहरी रेखाटणारे यंत्र केले होते. आवाज पुन्हा ऐकवणे हा त्याचा उद्देशच नव्हता. ध्वनीचे चित्र डोळ्यांनी बघायचे, एवढेच. एप्रिल १८६० मध्ये एका फ्रेंच लोकगीताच्या ओळी त्यावर उमटल्या. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी त्या रेघांपासून संगणकाच्या मदतीने आवाज तयार केला, आणि जगभर बातमी गेली, की माणसाच्या गळ्याचे हे आजवर मिळालेले सर्वांत जुने गाणे असून ते एखाद्या मुलीचे किंवा तरुण स्त्रीचे असावे. वर्षभरातच त्याच संशोधकांनी आपले म्हणणे सुधारले. कागदावर आवाजाच्या रेघेशेजारी वेळ मोजण्यासाठी स्वरकाट्याची, म्हणजे ठरावीक सुरात कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याची, कंपनेही उमटवलेली होती, पण कंपने मोजण्याची त्या काळची फ्रेंच रीत आजच्यापेक्षा वेगळी होती: जाणे एक आणि येणे एक अशी ती दोन कंपने धरत, आपण जाऊन-येऊन एक धरतो. त्यामुळे वेग बरोबर दुप्पट झाला होता. तो निम्म्यावर आणताच 'मुलगी' नाहीशी झाली आणि सावकाश, जपून गाणारा एक पुरुष ऐकू आला. बहुधा खुद्द स्कॉटच. संशोधकांनी आपली चूक उघडपणे मान्य केली, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

आपल्या तबकड्यांत स्वरकाटा नसतो, पण पेटी असते. पेटीचे सूर ठरलेले; एका मुक्कामात तीच पेटी अनेक गाण्यांना असेल, तर त्या सगळ्या तबकड्यांतली तीच पट्टी एकमेकींशी जुळायला हवी. एखादी जुळत नसेल आणि पेटीचे सूर धड काळीवर नाहीत धड पांढरीवर नाहीत असे मध्येच लोंबकळत असतील, तर वेगाचा संशय घ्यावा. विजेच्या काळातल्या काही ध्वनिमुद्रणांत विजेचा बारीक गुणगुणाट उतरलेला असतो, त्यावरूनही वेग लावता येतो. हे केल्याशिवाय आवाजाबद्दल मत देणे म्हणजे चष्मा न पुसता चेहरा ओळखण्यासारखे आहे.

वेग लागल्यावरही अडचण उरते, ती कर्ण्याची. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन रूढ नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गाई, आणि आवाजाच्या जोराने पडदा हलून सुई मेणात खोबण कापी. त्या यंत्रणेत साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा उतरे. आपल्या आवाजाची ओळख ज्या वरच्या लहरींत असते त्यातल्या बऱ्याच तिथे पोहोचतच नाहीत, आणि जड पुरुषी आवाजाचा मूळ खालचा सूरही निसटतो. मराठी माणसाला याचा एक पडताळा सहज घेता येईल. 'चमचा' मधला च आणि 'चंद्र' मधला च यांतला फरक आपण एरवी क्षणात ओळखतो. तो फरक मुख्यतः वरच्या लहरींत असल्यामुळे अशा तबकडीत तो पुसट होतो, आणि स, श यांचे तर नुसते श्वास उरतात. त्यामुळे 'उच्चारावरून हा अमक्या प्रांताचा' असे म्हणताना स्वर आणि ळ, ण असली अक्षरे यांच्यावर भर द्यावा, शिट्टीसारख्या व्यंजनांवर नको. शिवाय कर्ण्यापुढे ओरडून गाणारा माणूस मैफलीत तसा गात नसे, आणि जेमतेम तीन मिनिटांत ख्याल बसवायचा म्हटल्यावर त्याची मांडणीही नेहमीची राहत नसे.

म्हणून जाणकार आवाजाच्या पोतापेक्षा सवयींकडे कान देतात: समेवर कसा येतो, श्वास कुठे घेतो, तानेची वळणे कोणत्या घराण्याची आहेत, आकार खुला की दाबलेला, मुखडा पकडताना कोणते अक्षर ओढतो. गळा वयाने बदलतो, सवय सहसा बदलत नाही. अब्दुल करीम खाँ यांची १९०५ च्या सुमाराची ध्वनिमुद्रणे आणि १९३० च्या दशकातली ध्वनिमुद्रणे यांत जवळपास तीस वर्षांचे अंतर आहे, यंत्रही वेगळे आहे. तरी सुराला बिलगून राहण्याची त्यांची रीत दोन्हीकडे हाताला लागते.

कानाची मर्यादा मला सर्वांत स्पष्ट दिसते ती एका कन्नड-मराठी उदाहरणात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीने 'गांधारी, हुबळी' अशा नावाने काही तबकड्या काढल्या. आवाज तरुण, उंच, पातळ आणि अतिशय लवचिक. ग. ना. जोशी यांच्याबरोबरची मराठी द्वंद्वगीतेही त्यात आहेत. आता याच्या शेजारी १९६० नंतरच्या गंगूबाई हनगल ठेवा: खर्जातला, भारदस्त, डोळे मिटून ऐकला तर पुरुषाचा वाटावा असा आवाज. कानावर विसंबून या दोन गायिकांना कोणी एक म्हणणार नाही. पण त्या एकच आहेत. गांधारी हे गंगूबाईंचे आधीचे नाव, आणि १९४० च्या दशकात घशावर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज कायमचा जड झाला. गंगूबाई दीर्घायुषी होत्या, त्यांनी हे सगळे स्वतः सांगितले, म्हणून आज शंका नाही. त्या बोलल्या नसत्या तर गांधारी हुबळीकर ही कोणी वेगळीच अल्पायुषी गायिका होती, असे आपण छातीठोकपणे लिहीत बसलो असतो.

संगणकाने हा प्रश्न सुटेल का, असे हल्ली विचारले जाते. आवाजाची तुलना करणारी साधने आता सहज मिळतात आणि ती नक्कीच वापरावीत, पण एक गोष्ट ध्यानात ठेवून. त्यांना शिकवलेले असते ते आजच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणांवर. जुन्या तबकडीत गळ्याइतकाच कर्णा 'बोलत' असतो. एकाच कर्ण्यापुढे गायलेल्या दोन वेगळ्या गायिका यंत्राला सारख्या वाटू शकतात आणि दोन वेगळ्या कर्ण्यांपुढे गायलेली एकच गायिका वेगळी. म्हणून तुलना करताना फक्त संशयित गायिकेचे नमुने देऊन चालत नाही. त्याच मुक्कामातल्या, त्याच यंत्रावरच्या इतर गायिकांचे नमुनेही मिसळावे लागतात, आणि यंत्र तरीही तिलाच निवडते का ते पाहावे लागते. माणसांच्या कानांसाठीही हाच नियम लावावा. ऐकणाऱ्याला आधी नाव सांगू नये. नाव सांगितले की कान ते शोधतो आणि त्याला ते सापडतेच.

याचे कारण आपली ओढ. आवडत्या माणसाचा आवाज एकदा तरी ऐकायला मिळावा ही इच्छा फार खरी आहे आणि तीच चुकीच्या ओळखीची जननी आहे. स्वामी विवेकानंदांचे १८९३ चे शिकागोचे भाषण म्हणून एक ध्वनिफीत वर्षानुवर्षे फिरते आहे. ती अस्सल नाही, तरी ती ऐकून डोळे पाणावणारे लोक मी पाहिले आहेत. चुकीचे नाव एकदा चिकटले की पुढचा माणूस त्याच तबकडीचा 'नमुना' म्हणून उपयोग करतो, त्यावरून आणखी दोन तबकड्या ओळखतो, आणि ज्या गायिकेने खरोखर गायले तिचा शोध तिथेच थांबतो. म्हणून नोंद करताना निदान तीन पायऱ्या वेगळ्या ठेवाव्यात. नोंदवही किंवा क्रमांक यांचा थेट पुरावा असेल तर 'निश्चित'. शेजारचे क्रमांक, साथ आणि शैली असे दोन-तीन स्वतंत्र धागे एका दिशेने जात असतील तर 'संभाव्य'. आणि केवळ कोणी जाणकार म्हणतो म्हणून असेल तर 'म्हटले जाते', आणि पुढे म्हणणाऱ्याचे कारण.

स्नेह्यांच्या तबकडीचे आम्ही याच क्रमाने केले. देवदूताची खूण आणि एकच वाजती बाजू यांवरून ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली, हे कळले. लेबल दिव्यासमोर तिरके धरल्यावर विक्री क्रमांकातले १३ हे आकडे दिसले, म्हणजे कंपनीच्या लेखी आवाज स्त्रीचा. रंगमंचावर नायिका होणाऱ्या पुरुषालाही कंपनीने पुरुषांच्याच गटात घातले असते, असे मानायला जागा आहे. तेव्हा काकूंचे बालगंधर्व बाजूला ठेवावे लागले, आणि काकूंनी ते मोठ्या मनाने मान्य केले. पेटीचे सूर काळी-पांढरीच्या मध्ये पडत होते, म्हणून वेग थोडा उतरवला. आवाज सावरला आणि दुसऱ्या गृहस्थांनी सांगितलेले नावही डळमळू लागले, कारण ज्या कोवळेपणावरून त्यांनी ते घेतले होते तो वेगाचा होता. शेवटी नाव काही उच्चारलेले नाही. नुसती एका पुरुषाची दाद आहे, तीही अर्धी. गुळगुळीत पट्ट्यातला मॅट्रिक्स क्रमांक मात्र भिंगाखाली पूर्ण वाचता आला. स्नेह्यांनी नवे पाकीट आणले, त्यावर पेन्सिलीने तो क्रमांक त्याच्या शेवटच्या अक्षरासकट उतरवला, आणि खाली लिहिले: 'मराठी पद. गायिका स्त्री, नाव अजून ठरलेले नाही. मागच्या-पुढच्या क्रमांकांच्या तबकड्या पाहायच्या आहेत.'